कादंबरीला अवांतर म्हणू नका

मुलगी यंदा दहावीला आहे. जूनमध्ये शाळेतून पालकांसाठी सूचनांचा कागद आला, त्यात पाचव्या नंबरला होतं की या वर्षात मोबाईल, टीव्ही आणि अवांतर वाचन पूर्ण बंद ठेवावं. कागद फ्रिजवर चिकटवला आणि येता-जाता तो एकच शब्द खुपायला लागला, अवांतर. म्हणजे मुख्य सोडून बाजूचं, नसलं तरी अडत नाही असं काहीतरी. आणि अवांतर म्हटल्यावर कुणाच्या डोक्यात जनरल नॉलेजचं पुस्तक येत नाही, थोरामोठ्यांची चरित्रंही चालतात एकवेळ, "त्यातून काहीतरी घेण्यासारखं असतं" म्हणून. बंद करायची असते ती कथा-कादंबरी.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावं म्हणून लिहितेय. वाचनाने भाषा सुधारते, शब्दसंग्रह वाढतो वगैरे सगळे सांगतात, ते खरंच आहे, पण माझं कारण वेगळं आहे. आपल्या घरांत माणसाला नात्याचं नाव इतकं घट्ट चिकटलेलं असतं की त्याच्या खालचा माणूस दिसतच नाही, आणि तो माणूस दाखवायचं काम मराठीत कादंबरीने जेवढं केलंय तेवढं आजच्या घडीला दुसरं कुणीच करत नाहीये.

काकू, आत्या, मोठ्या जाऊबाई, दादा, नाना. वर्षानुवर्षं आपण ह्यांच्याबरोबर एका पंगतीला जेवतो. माझ्या आईच्या लग्नात बाबांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवीन नाव लिहिलं आणि जन्मापासूनचं वीस वर्षांचं नाव त्या दिवशी संपलं, ते नाव आता फक्त माझा मामा घेतो. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं ते उखाण्यात, एरवी "अहो" नाहीतर "हे". पुरुषांचं तरी काय वेगळं, वडील म्हणजे फी भरणारे, उशिरा आलो तर जागे असणारे, त्यांना आयुष्यात काय नको होतं हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. नातं कळलं की कसं वागायचं ते कळतं, मान कुणाचा, पहिलं ताट कुणाचं, कुणासमोर पाय पसरून बसायचं नाही. हे उपयोगाचं आहे, मी त्याच्या विरोधात नाही, त्याशिवाय वीस-वीस माणसांची घरं चालली नसती. पण कसं वागायचं ते कळलं म्हणजे माणूस कळला असं आपण धरून चालतो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

मी नववीत असताना आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही सांगितलं, आणि आजी तर रोज दुपारी वाचल्याशिवाय न झोपणारी. मग मे महिन्याच्या सुट्टीत तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. घरात हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'ची जुनी प्रत होती, पाठीला खाकी कागद चिकटवलेली, ती तिने काढायला लावली. १८९० च्या सुमाराला हरिभाऊंनी ही 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः लिहायला घेतली तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते, आणि पूर्ण कादंबरी यमुना नावाची बाई "मी" म्हणून सांगते. पंचविशीतला पुरुष एका विधवा बाईच्या तोंडून बोलतोय, हे तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही, आता विचार केला की थक्क व्हायला होतं. असो. वाचता वाचता शेवटाकडे आलो, यमुनेचा नवरा गेलेला आहे आणि सासरचे लोक तिचं केशवपन करायला निघालेत तो भाग, आणि आजी म्हणाली, "थांब जरा."

मला वाटलं डोळ्याला त्रास होतोय. ती म्हणाली, "आपल्याकडे सोवळी आत्या होती ना."

सोवळी आत्या म्हणजे आजोबांची आत्या, केशवपन केलेली विधवा. तिचा एक फोटोही घरात होता, आलवण, म्हणजे सोवळ्या विधवांचं तांबडं लुगडं, नेसलेली, डोक्यावरून पदर, चेहरा अर्धा सावलीत. मला लहानपणी त्या फोटोची भीती वाटायची. त्या दुपारी आजीने पहिल्यांदा तिचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण त्या दिवसापर्यंत ते नाव आमच्या घरात मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. आजी लग्न होऊन आली त्यानंतर दहाएक वर्षं त्या दोघी एका स्वयंपाकघरात होत्या. आत्या सोंगट्या खेळायची म्हणे, आणि हरली की खरोखर चिडायची, डाव उधळून उठायची. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा पदराच्या टोकाला बांधून ठेवायची आणि दुपारी आजीला हळूच द्यायची, कारण नव्या सुनेला मधल्या वेळेला खायला मागायची चोरी होती. आणि न्हावी यायचा त्या दिवशी ती सकाळपासून कुणाशीही बोलायची नाही, संध्याकाळी दिवा लागला की आपोआप बोलायला लागायची. एवढं सगळं आजीकडे पन्नास वर्षं होतं. कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं, सांगायला निमित्त लागतं ना काहीतरी, ते यमुनेने दिलं.

तर मी म्हणते ते हे. पुस्तकाने मला केशवपनाबद्दल माहिती दिली असं नाही, ती इतिहासाच्या धड्यातही होती, तीन ओळी. पुस्तकामुळे "सोवळी आत्या" या शब्दाखालून एक चिडकी, प्रेमळ, डाव उधळणारी बाई बाहेर आली. आणि आजीसुद्धा बाहेर आली, मागून खायची चोरी असलेली सोळा वर्षांची मुलगी म्हणून, त्याच्या आधी माझ्यासाठी ती फक्त आजी होती.

आता कुणी म्हणेल एका आठवणीवरून सिद्धांत नको, संशोधन काय म्हणतं ते सांगा. सांगते, आणि प्रामाणिकपणे पूर्ण सांगते. २०१३ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये किड आणि कास्टानो या दोघांचा पेपर आला होता, साहित्यिक दर्जाच्या कथेतला थोडासा भाग वाचून झाल्यावर लोकांना नुसते डोळ्यांचे फोटो बघून त्या माणसाची भावना जास्त चांगली ओळखता येते असा. जगभर बातम्या झाल्या, वाचनप्रेमी लोकांनी फॉरवर्ड करकरून घेतलं. पण २०१८ मध्ये मोठ्या जर्नलमधले असे एकवीस प्रयोग परत करून बघितले गेले, त्यात हा प्रयोग टिकला नाही, परिणाम दिसला नाही. आपल्या बाजूचा पुरावा पडला म्हणून तो लपवायचा हे मला जमणार नाही. पण मला त्याचं फार आश्चर्यही वाटलं नाही. चार पानं वाचून लगेच परीक्षा घेतली तर काय दिसणार? दहा-वीस वर्षं वाचत राहिलेल्या माणसाच्या डोक्यात जे साचतं ते फोटो दाखवून मोजता येईल असं मला वाटत नाही. आणि कादंबऱ्या वाचणारी माणसं जास्त चांगली असतात असा तर माझा दावाच नाही, भरपूर वाचणारी आणि घरात सगळ्यांना छळणारी माणसं मी बघितलीत. माझा दावा छोटा आहे, की वाचणाऱ्याला प्रश्न सुचतात. समोरच्याला काय विचारायचं ते सुचतं.

हे माझ्या सासूबाईंच्या बाबतीत झालं म्हणून इतक्या खात्रीने बोलतेय. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी घासलेली भांडी त्या परत घासायच्या. काही न बोलता. मी ऑफिसला जायला निघाले की पाठीमागे नळ सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि तो आवाज लोकलमध्ये पोचेपर्यंत माझ्या कानात असायचा. मैत्रिणी म्हणाल्या वेगळं राहा, आज असतं तर टॉक्सिक म्हणाल्या असत्या. त्याच काळात विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' वाचत होते, १९३३ चं पुस्तक, ते आलं तेव्हा ही टोपणनावाने लिहिणारी बाई कोण म्हणून मोठा गदारोळ झाला होता. त्यातल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुली, ज्यांच्या पगारावर घर चाललंय आणि म्हणून ज्यांच्या लग्नाची घरात कुणाला घाई नाही. वाचताना एकदम लक्षात आलं की सासूबाईंचं लग्न एकतिसाव्या वर्षी झालंय, १९७४ मध्ये. हे मला माहीत होतं, पण त्यातून कधी काही विचारावं असं डोक्यात आलं नव्हतं.

एका रविवारी मेथी निवडताना विचारलं, "आई, तुमचं लग्न एवढं उशिरा कसं झालं?" त्यांनी वर बघितलं नाही, काड्या मोडत राहिल्या आणि मग हळूहळू सांगितलं. अठराव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या, ट्रंक कॉल जोडायचं काम, रात्रपाळ्या. तीन धाकटे भाऊ. एकाचं इंजिनिअरिंग झालं की दुसऱ्याचं सुरू. स्थळं यायची आणि वडील पत्रिका जुळत नाही सांगून परत पाठवायचे. "एकदा मी ती पत्रिका दुसरीकडे नेऊन दाखवली," त्या म्हणाल्या, "जुळत होती." बस, एवढंच म्हणाल्या आणि मेथीची चाळण घेऊन उठल्या. तेरा वर्षं दुसऱ्याचा संसार ओढल्यावर जे स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं, त्यातला चमचा न् चमचा त्यांना स्वतःच्या हाताने लागलेला हवा असायचा. हे त्यांनी सांगितलं नाही, हे माझं मी लावलेलं आहे, चुकीचंही असेल. भांडी त्या अजूनही परत घासतात. मला राग येतो कधीकधी, पण आता त्या नळाच्या आवाजात मला माझा अपमान ऐकू येत नाही.

आमच्या घरातला भाऊ बाबांशी वीस वर्षं "हं" आणि "नाही" एवढंच बोलला. हॉस्टेलला असताना त्याने भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' वाचली, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याला वडिलांबद्दल जो राग आहे आणि रागाच्या खाली जे आहे ते सगळं त्यात उघडं पडलेलं. तो मला फोनवर म्हणाला होता, "असं कुणी लिहू शकतं हेच मला माहीत नव्हतं." मुलांना, म्हणजे पुरुषांना, तर हे फारच कमी ठिकाणी मिळतं. मुली निदान एकमेकींशी बोलतात.

हे काम आधी कादंबरीच करत होती असंही नाही बरं का. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या होत्या. पहाटे दोघी बायका जात्याला बसल्या की भाऊ, सासू, नवरा, माहेरची वाट, लेक परकी होण्याचं दुःख, सगळं ओवीतून बाहेर पडायचं, आणि ते गाणं म्हणून म्हटलेलं असल्यामुळे कुणाला जाब विचारता यायचा नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. विचार करा, लाखभर! मग गावोगाव पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं, पण ती बोलायची जागाही गेली. शिकलेल्या बायकांच्या हातात त्याच सुमाराला मासिकं आणि कादंबऱ्या आल्या. माझ्या आजीसारख्या बायका दुपारी जे वाचत होत्या ते वेळ जात नाही म्हणून नव्हतं.

मालिका आहेत की, त्यातही नातीच असतात, असं म्हणणारे भेटतात. मालिकेत मला बाई बाहेरून दिसते, तिने भुवई उचलली की म्युझिक वाजतं आणि मला कळतं ही वाईट. सासू ही सासूच राहते, उलट अजून मोठी सासू होते. कादंबरीत लेखकाला निदान एकदा तरी त्या बाईच्या आत जावं लागतं, नाहीतर तीनशे पानं चालतच नाहीत. आणि आता रील्सवर जे चाललंय, रेड फ्लॅग, टॉक्सिक, गॅसलायटिंग, हे शब्द खोटे आहेत असं मी म्हणणार नाही, माझ्या ओळखीतल्या एका मुलीला त्यातल्याच एका शब्दामुळे आपल्याला होतो तो त्रास आहे हे कळलं आणि ती वेळेत बाहेर पडली. जिथे मारहाण आहे, जीवाला धोका आहे, तिथे कादंबरी वाचत बसू नये, उठावं आणि निघावं. पण रोजच्या साध्या, धुसफुशीच्या नात्यांनासुद्धा हेच शब्द लागायला लागलेत, आणि हे शब्द पण नात्याच्या नावासारखेच आहेत. एकदा चिकटवले की माणूस बघायची गरज संपली.

माझ्या विरुद्धचा खरा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मी स्वतःच मांडते कारण तो मला बरीच वर्षं छळतोय. कथा-कादंबऱ्यांनीच आपल्याला नात्यांबद्दल किती चुकीचं शिकवलंय! सोसणारी बायको, त्यागी आई, अबोल पण मनातून प्रेम करणारा नवरा. पिढ्यानपिढ्या मुलींनी हे वाचलं आणि नवरा अबोल आहे म्हणजे मनातून प्रेम करत असेल असं धरून आयुष्य काढलं. माझी आई ताप असताना उठून पोळ्या करायची आणि कुणी झोप म्हटलं की "आईने झोपून कसं चालेल" म्हणायची, हे वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं. हे नुकसान झालेलं आहे आणि ते पुस्तकांनी केलेलं आहे, नाकारून चालणार नाही.

पण मग मी 'श्यामची आई' परत वाचलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आपल्याकडे आदर्श आईचा छापा जिथून काढला असं सगळे म्हणतात ते. आणि बघितलं तर त्यातली आई पोहायला जात नाही म्हणून पोराला बडवते. ती रागावते, कर्जाने गांजलेली आहे, वसुलीला आलेल्या माणसाला उलट बोलते, दमते. पुस्तकात ती पूर्ण बाई आहे. आपण तिचा फोटो काढून भिंतीवर लावला. एखादं प्रकरण उचलायचं, धडा करायचा आणि खाली प्रश्न द्यायचा, आईचे स्वभावविशेष लिहा.

हा प्रश्न बघा जरा. मुलीच्या वहीत असली उत्तरं मी रोज बघते. पात्र कुठलंही असो, उत्तर तेच, प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, मनमिळाऊ. चार विशेषणं, चार मार्क. आणि पुढे दहा वर्षांनी हीच मुलं स्थळं बघायला बसतात तेव्हा बायोडेटात काय असतं? सुस्वभावी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. माणूस चार विशेषणांत मावतो हे आपण शाळेत मार्क देऊन शिकवतो, मग त्या विशेषणांवर लग्न ठरवतो, आणि सहा महिन्यांनी आत निराळाच माणूस निघाला म्हणून दोन्हीकडचे लोक रडतात.

म्हणून चुकीच्या वाचनाला माझ्याकडे उत्तर आहे ते जास्त वाचन हेच. एक त्यागी आई वाचली तर सोबत गौरी देशपांडेंची घर सोडणारी, स्वतःच्या मनाचा ठाव घेणारी बाई पण वाचायला हवी. एकच कादंबरी वाचलेला माणूस मला न वाचलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

आणि हे वाचायचं कुठे? आमच्या भागातलं सार्वजनिक वाचनालय चांगलं जुनं आहे. मागच्या महिन्यात गेले तर सगळी टेबलं स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली, तहसीलदार व्हायला निघालेली मुलं, डबे बरोबर, सकाळी सातपासून. त्या मुलांना जागा मिळायलाच हवी, त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण कादंबऱ्यांची कपाटं अभ्यासिकेच्या पार्टिशनमागे गेलीत, कुलपं लावलेली, आणि चावी ज्यांच्याकडे असते ते संध्याकाळी येतात. उद्या ह्यातलाच कुणीतरी तहसीलदार होईल आणि त्याच्यासमोर वाटणीसाठी भांडणारे दोन भाऊ आणि हक्कसोडपत्रावर सही करायला आणलेली बहीण उभी राहील. तिने सही का केली हे कायद्याच्या पुस्तकात नाही. कपाट उघडं ठेवा एवढंच म्हणणं आहे. अभ्यासातून डोकं वर काढलं की हाताला लागेल असं. आणि शाळांनी वर्षाला एक कादंबरी, पूर्ण, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गात वाचावी, त्यावर एकही मार्क न ठेवता आणि खाली एकही प्रश्न न छापता.

आमच्या घरी सूचनांच्या कागदावरचा पाचवा नंबर मी पेनाने खोडला. मोबाईल आणि टीव्ही आम्ही आपापसात ठरवून कमी केलाय, ते वेगळं. खाकी पाठीची ती प्रत आता मुलीकडे आहे, रात्री अभ्यास झाला की दहा-पंधरा पानं वाचते. सोवळ्या आत्याचं तिला सांगितलं, नावही सांगितलं. सोंगट्यांचं ऐकून हसली. मग विचारलं, "आणि पणजीचं स्वतःचं नाव काय होतं? माहेरचं?"

मी आजीला एवढं वाचून दाखवलं, त्या सुट्टीतच नाही, नंतरही कितीतरी वर्षं, ती जाईपर्यंत. हे कधी विचारलं नाही. काकांना फोन केला, त्यांचं वय ८२, ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले त्यांनाही माहीत नाही, आईच म्हणायचे ते तिला. तिच्या माहेरच्या गावी तिच्या भावाची सून असते म्हणाले, नंबर शोधून देतो. अजून आलेला नाही, उद्या परत फोन करणार आहे.